सवलतीचे शंभर टक्के आणि वर पाच

गिरीज, वसई
रविवारनंतरचा मंगळवार

आदरणीय नेल्सनभाऊंना फर्डिनंडचा सप्रेम जय येशू.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मेलबर्नच्या थंडीत तो कुरकुरतो असं वहिनींनी कळवलं होतं, तेव्हापासून रोजच्या रोझरीत त्याचं नाव घेतो. (लुसी म्हणते, गुडघ्यासाठी कोणी प्रार्थना करतं का. मी म्हटलं, माणसासाठी करतो, गुडघा त्याच्यात आलाच.) इकडे आम्ही दोघंही तब्येतीने ठीक आहोत. मनाने ठीक होऊन मात्र आज पाचवाच दिवस आहे. त्याआधीचे तीन दिवस तुमची बहीण माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ते का आणि कसं, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून उलटंसुलटं कळण्याआधी मीच सांगतो.

लुसीने आपले ताडीत फुगवून तळलेले फुगे आणि डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंद्याल शिकवण्याचा वर्ग काढला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या हातच्या फुग्यांशिवाय गावात लग्न लागत नाही, हेही ठाऊक आहे. चाळीस वर्षं ज्याच्या घरी मांडव पडला त्याच्या घरी ही आदल्या दिवशी हजर, आणि बदल्यात काय, तर निघताना हातात डबा. गेल्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, आता मी राबायला जाणार नाही, ज्याला हवं त्याने माझ्याकडे शिकायला यावं आणि शिकवण्याचे पैसे मोजावेत. एक वर्ग करून बघते, नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही, असंही म्हणाली. मी म्हटलं, तू पीठ बघ, तिकिटं माझ्याकडे सोड. इथेच सगळं बिघडलं.

भाऊ, तुम्ही जाणता, मी परिवहनच्या सवलत विभागात एकतीस वर्षं काढली. ज्येष्ठ, विद्यार्थी, अपंग, पत्रकार, कोणाला किती टक्के, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. इंटरनेटवरच्या त्या तिकिटाच्या पानावर ‘दराचे प्रकार’ असा रकाना दिसला आणि निवृत्तीनंतर प्रथमच मला घरी आल्यासारखं वाटलं. पूर्ण दर बाराशे ठेवला, तो परगावच्यांना. पण आपल्या पॅरिशच्या, एकाच चर्चमध्ये शेजारी गुडघे टेकणाऱ्या माणसाकडून पूर्ण पैसे घ्यायचे? उद्या मिस्साला तोंड कसं दाखवणार? म्हणून त्यांना पंचवीस टक्के सूट. पाच दिवस आधी नोंदवणाऱ्यांना वीस. जोडीने येणाऱ्यांना दहा. आणि लुसी ज्यांची धर्ममाता आहे त्यांना तर निम्मी सूट द्यायलाच हवी. (ती किती जणांची धर्ममाता आहे, हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. बाप्तिस्म्याचं जेवण रांधायला जी बाई येते तिलाच धर्ममाता केलं की लोकांची दोन कामं एका आमंत्रणात होतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) शेवटी त्या पानाने विचारलं, सवलती एकमेकींत मिळवायच्या का? ऑफिसात आमचा नियम होता, एका वेळी एकच सवलत. पण ते ऑफिस होतं. इथे माणसं आपली, म्हणून मी ‘हो’ केलं.

त्याच्या पुढचं पान जोडवस्तूंचं. तिकिटासोबत ज्याला जे हवं ते त्याने टिचकी मारून घ्यावं, अशी सोय. मी तिथे मसाल्याची बाटली टाकली, इंद्यालचा डबा टाकला, घरी न्यायला डझनावारी फुगे टाकले आणि ॲप्रन टाकला. ॲप्रनचं असं, की सातिवलीचा कारखानदार शंभराच्या खाली शिवायला तयार नव्हता आणि वर्गात जागा सोळा. म्हटलं, खपतील. या पानावर सूट मात्र एक पैशाची ठेवली नाही, कारण सामानाला सवलत नसते. हा नियम माझ्या रक्तात आहे.

सोमवारी सकाळी पान उघडलं आणि जेवणाच्या आत सोळाच्या सोळा जागा गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ‘हाऊसफुल्ल’ म्हणून सांगितलं. लुसीने हात पुसले, खुर्चीवर बसली आणि विचारलं, खरंच? मग लग्नातली चांदीची कर्णफुलं काढून घासायला बसली. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी बाजारात भेटेल त्याला मी सांगत सुटलो.

मंगळवारी फेबियनचा फोन आला. (आल्बिनाचा थोरला, पवईला कंपनीत आहे, लुसीचा धर्मपुत्र.) त्याने अगदी नम्रपणे विचारलं, की अंकल, माझ्या तिकिटावर उणे साठ रुपये दिसताहेत, तर ते बँकेत येतील की रविवारी हातात मिळतील. मी कागद घेतला. पंचवीस, वीस, दहा आणि पन्नास. भाऊ, बेरीज एकशे पाच होते. यादी काढली तर सोळाही जण आपल्या पॅरिशचे, सोळाही जोडीने आलेले आणि सोळाही लुसीच्या मांडीवर बाप्तिस्मा झालेले. तिकिटांची एकूण जमा उणे नऊशे साठ. त्यातच अंधेरीच्या क्रिस्टीना नावाच्या बाईंचा निरोप पडलेला, की मी पूर्ण दर द्यायला तयार आहे, एखादी जागा निघेल का?

लुसी माझ्या मागे उभी होती, हे मला माहीत नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “लोकांकडे फुकट राबले ती माझी मर्जी होती, फर्डी. आज तू शिक्का मारून मला फुकट केलंस.” आणि आत गेली. कर्णफुलं पुन्हा डबीत गेली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवणात मीठ नाही हेही बोललो नाही.

शुक्रवारी मी ठरवलं, की घरोघरी जाऊन सांगायचं, चूक माझी झाली, तिकीट रद्द करून पुन्हा काढा. स्कूटर घेऊन निघालो. पहिल्या घरी विषय काढणार तोच त्यांनी तळलेली मांदेली पुढे ठेवली. दुसऱ्या घरी नातवाचे फोटो पाहिले. तिसऱ्या घरी तर मी उलट त्यांनाच म्हणालो, नक्की या हं, वाट बघतो. (आता हसू नका. तुम्हीही गेला असतात तर हेच केलं असतंत. आपल्याकडे ज्याच्या घरी खाल्लं त्याच्याकडे पैशाचं तोंडातून निघत नाही.) चौथ्या घरी ॲनिशाने विचारलं, अंकल, माझे चार डझन फुगे तुम्ही बांधून देणार की डबा मी आणू? मी म्हटलं, कसले चार डझन? ती म्हणाली, तिकीट शून्याच्याही खाली दिसलं, मला कसंतरीच झालं, लुसी आंटीकडे फुकट कसं जायचं, म्हणून खालचं सगळं घेतलं.

मी चहा तसाच ठेवून घरी आलो आणि जोडवस्तूंचं पान उघडलं. ते मी लावल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. सोळाही जणांना कसंतरीच झालं होतं. मसाल्याच्या बाटल्या तीस. इंद्यालचे डबे बावीस. एका ॲप्रनवर कोणी थांबलं नव्हतं. आणि फुगे त्रेचाळीस डझन. रक्कम सोळा पूर्ण तिकिटांच्या पुढे गेलेली. मी पान उघडं ठेवून लुसीसमोर धरलं. तिने चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तीन दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली, “मैदा आण.” भाऊ, एवढं गोड वाक्य मी लग्नाच्या वेदीवरही ऐकलं नव्हतं.

शनिवार सगळा नारळ खवण्यात आणि ताडी आणण्यात गेला. रविवारी मिस्सा आटोपून सोळा जण मागच्या अंगणात जमले. लुसीने सांगून टाकलं, की त्रेचाळीस डझन फुगे तुम्हीच मागवलेत, तुम्हीच तळायचे, पूर्ण झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. अंगठा आणि बोट यांच्या मधून पीठ तेलात कसं सोडायचं हे तिने एकेकाचा हात धरून दाखवलं. फेबियनचे पहिले फुगे बोंबलासारखे लांब आले. ते ती सरळ कुत्र्याला घालायला निघाली, तेव्हा त्याने हात जोडले. पण पाचशे सोळा फुगे म्हणजे किती सराव, विचार करा. विसाव्या डझनानंतर ती खुर्चीत बसून नुसती बोटाने दाखवत होती आणि पोरं मुकाट्याने करत होती. चार वाजता शेवटची कढई उतरली. जाताना प्रत्येक जण तिच्या पाया पडून गेला, आणि मी इतक्या दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

रात्री मी हिशेब वाचून दाखवला, तर ती म्हणाली, हे फुग्यांचे पैसे आले, शिकवण्याचे नाही आले. खोटं नव्हतं. म्हणून पुढच्या वर्गाला, म्हणजे नाताळाच्या आधीच्या रविवारी, एकच दर ठेवलाय, सगळ्यांना बाराशे. सूट द्यायची ती फक्त फुग्यांवर. क्रिस्टीनाबाईंनी पहिली जागा घेतली. मीही वयोमानानुसार तिकीट विभागातून स्वखुशीने निवृत्त झालो आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
फर्डिनंड

ता. क. – निवृत्तीचं वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. लुसीने पासवर्ड बदलला आहे. माझ्याकडे सध्या ताटं धुण्याचा विभाग आहे.

ता. क. २ – हे फोनवर न लिहिता पोस्टाने पाठवतोय, कारण ती आता माझा फोनही बघते. तुम्ही नाताळाला येताय. त्या वर्गाच्या पंधरा जागा भरल्यात, सगळ्या परक्यांनी भरल्यात, घरच्यांतलं अजून कोणीच नाही. सोळावी जागा तिने काही न बोलता अडवून ठेवली आहे आणि दिवसातून चारदा नावं बघते. काल सहज म्हणाली, की तुमच्या लग्नात तिने सहाशे फुगे तळले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि पंगतीला बसली तेव्हा इंद्याल संपलं होतं. तुम्हाला ते माहीत नसणार, तिने कधी सांगितलंच नाही. तर भाऊ, एक तिकीट काढा. पूर्ण दराने. मी सांगितलं असं म्हणू नका, आणि भाऊ म्हणून काही कमी होतं का, हे तर मुळीच विचारू नका.