मोठ्याने न घेतलेले नाव

मी, जेथ्रो पेल, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा वकिली, इलिनॉयच्या विधानसभेवर चार वेळा निवडून गेलेला, राहणार ॲशग्रोव्ह, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. केंटकीहून आलो तेव्हा जवळ एक घोडी आणि कायद्याची दोन पुस्तके होती. तेव्हा कोर्टच गावोगाव फिरे; न्यायाधीशांमागून मीही फिरलो. दिवसा ज्या वकिलाशी भांडलो, त्याच्याच शेजारी खानावळीच्या एका पलंगावर झोपलो. पुस्तके आता एकशे चाळीस आहेत. ती, कचेरी आणि राहते घर मुलगी डॉर्कस हिला. पंधरा वर्षे माझा प्रत्येक दावा तिने लिहून काढला. तीन खटले तर तिने दाखवलेल्या चुकांमुळे जिंकलो. श्रेय मी घेतले. ते येथे परत करतो.

२. मुलगा एमॉस यास नदीकाठची जमीन व माझे खोगीर. पुस्तके बहिणीला जाणार हे कळताच तो म्हणाला, "म्हाताऱ्याला भ्रम झालाय. कोर्टात सिद्ध करीन." म्हणून पुढील कलम.

३. कर्नल लायमन स्ट्राउड यास काहीही नाही. आमच्याकडे मत मोठ्याने सांगतात, आणि उमेदवाराने स्वतःचे मत देताना प्रतिस्पर्ध्याचे नाव घ्यावे, ही रीत. १८२६ साली मी "लायमन स्ट्राउड" म्हणालो. त्याची पाळी आल्यावर तोही "लायमन स्ट्राउड"च म्हणाला. मी एका मताने पडलो. माझी पत्नी, कै. केझाया, म्हणाली, "हरलात कुठे? तुम्ही तर त्याला निवडून आणलंत." पुढच्या पाचही निवडणुकांत मी प्रतिस्पर्ध्यालाच मत दिले, आणि चार जिंकलो. मला विधानसभेपेक्षा याचा अभिमान जास्त.

स्ट्राउडला वगळले ते रागाने नव्हे. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष कच्ची ठरते, आणि डॉर्कसच्या हक्कासाठी मला पक्की साक्ष हवी. काल त्याला बोलावले.

"सगळ्या जिल्ह्यात तुला मीच सापडलो?" तो म्हणाला.

"माझ्यावर मेहेरबानी केल्याचा आळ तुझ्यावर कोणी घेणार नाही."

त्याने हातातली टोपी टेबलावर ठेवली. मग शपथेवर काय बोलावे लागेल, ते विचारले. मी सांगितले: हे मृत्युपत्र शाबूत डोक्याने कोणी केले त्याचे पूर्ण नाव, भर कोर्टात, मोठ्याने.

"घेईन," तो म्हणाला. "एकवीस वर्षं जिभेवर आहे."

सही: जेथ्रो पेल
साक्षीदार: लायमन स्ट्राउड; सायलस ग्रीनली (लोहार)
ॲशग्रोव्ह, ९ ऑक्टोबर १८४७