तार वेगळी, कागद वेगळा

मी, तेत्सुओ मोरिवाकी, वय एक्क्याऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार कामीसावा, स्टेशनामागची आळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे आणि शेजारच्या तामानोबाईंनी तोंडी. त्यातलं दुसरं मिळवणं जास्त अवघड होतं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. लाज आहे, पण लाजेला कायद्यात दडपण म्हणत नाहीत. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बसवून घेतलं आहे, कारण एकट्याने लिहायला बसलो की मी उगाच गोड गोड लिहितो.

कलम १. घर. टेकडीच्या पायथ्याचं माझं दुमजली घर, अंगण आणि मागचं पत्र्याचं खोपट माझी एकुलती एक मुलगी चिझुरु कुसानो हिला द्यावं. घर चांगल्या लाकडाचं आहे. छप्पर गळत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण चिझुरुने ते आतून पाहिल्याला आता बरीच वर्षं झाली आणि शेवटचं पाहिलं तेव्हा तिला छप्पर दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

घरात काय आहे ते इथे स्पष्ट लिहिणं भाग आहे. घरात प्राणी आहेत. कागदाच्या लगद्याचे हत्ती, गेंडे, घुबडं, कासवं, आणि काही असे की ते काय आहेत हे त्यांच्या कर्त्यांनाही सांगता आलं नसतं. मी प्राथमिक शाळेत चित्र आणि हस्तकला शिकवत असे. दुसरीच्या वर्गाला दर हिवाळ्यात मी प्राणी करायला लावायचो: पोटात काचेची बाटली, हाडांच्या जागी तार, वरून वर्तमानपत्राचा लगदा आणि रंग. वर्गात माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "असं बांधा की सुटता कामा नये." पोरं जीभ बाहेर काढून, नाक वर ओढत तार पिळायची. माझ्या वर्गातल्या प्राण्याचा पाय कधी निखळला नाही, याचा मला गर्व होता.

वर्ष संपलं की मुलांनी आपापला प्राणी घरी न्यायचा. काही नेत नसत. त्या वेळच्या मुख्याध्यापकांना (नाव लिहीत नाही, त्यांना छापून यायची फार हौस होती) चांगल्या कामांवर सोनेरी आणि रुपेरी कागद चिकटवायची खोड होती. ज्यांना काही चिकटलं नाही ती पोरं आपला प्राणी कपाटातच सोडून जायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "मोरिवाकी सर, सुट्टीच्या आत कपाटं रिकामी हवीत." मी गाडीत भरून घरी आणायचो. या गृहस्थांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. ते वारलेले आहेत, तरी देऊ नये.

पहिल्या वर्षी मी टाकायला गेलो होतो, हेही नोंदवून ठेवतो. गावाच्या नियमाप्रमाणे पिशवीवर नाव लिहिलं आणि आळीच्या कोपऱ्यावर ठेवली. संध्याकाळी शाळेतून आलो तर बाकी सगळा कचरा गेला होता आणि माझी एकटी पिशवी तिथे बसली होती, अंगावर लाल कागद: वर्गीकरण चुकले. दिवसभर आख्ख्या आळीने माझं नाव वाचलं. तामानोबाई तेव्हा नव्याने लग्न होऊन आल्या होत्या आणि कचऱ्याची पाळी त्यांच्याकडे होती. पिशवी दारात आणून ठेवत त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले. जळणारं मंगळवारी, काच गुरुवारी, धातू महिन्याच्या शेवटी. तार वेगळी, कागद वेगळा, बाटली वेगळी. सोडवून आणा."

मी पक्कड घेऊन ओट्याशी बसलो. मांडीवर घुबड होतं. त्याच्या मानेभोवती तारेचा पीळ इतका घट्ट होता की त्या पोराच्या बोटांना वळ पडले असणार. मला ते तोडवेना. मी ते माळ्यावर ठेवलं. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माळा भरला, मग खोपट, मग वरचा मजला, मग जिना. माझी बायको फुमिए होती तोवर निदान बैठकीची खोली शाबूत होती. ती म्हणायची, "अहो, दुसऱ्यांच्या पोरांचं एवढं सांभाळता, मग आपल्या पोरीला झोपायला जागा ठेवा की." मी हसण्यावारी न्यायचो. ती गेल्यावर बैठकीची खोलीही गेली. अग्निशमन दलाची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांना अंग चोरून आत यावं लागलं. त्यातला एक माझा विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला आणि डोळे जमिनीवरच ठेवले. त्या दिवसाची आठवण झाली की आजही माझे कान तापतात.

कलम २. हत्यारं. लाकडी ठसे कोरायच्या माझ्या छिन्न्या, सहाणेसकट, शाळेतल्या नव्या चित्रकलेच्या बाई मियाको नागुरा यांना द्याव्यात. एकदा त्या बघायला आल्या होत्या. "सर, आत येऊ का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नको, फरशी ओली आहे." आणि छिन्न्या खिडकीतून बाहेर दिल्या. माझ्या घराची फरशी गेली वीस वर्षं ओली आहे. बाई, छिन्नी पोरांच्या हातात द्यायला भिऊ नका. बोट कापलं तर पट्टी लावा आणि परत छिन्नी द्या. पालक ओरडतील, ते माझ्या नावावर घाला.

कलम ३. पैसा. बँकेत जे आहे त्यातून आधी माझं क्रियाकर्म साधेपणाने करावं आणि उरेल ते माझी नात नाओ हिला द्यावं. ती यंदा पहिलीत गेली. त्यातून तिने रंग घ्यावेत असं मी म्हणणार नाही. तिला काय हवं ते तिने घ्यावं.

नाओ मला फक्त स्टेशनासमोरच्या, भाजलेला वाम मासा आणि भात मिळणाऱ्या हॉटेलात भेटते. नववर्षाला आणि पितरांच्या सणाला. मागच्या खेपेला ताटातला भात उकरत तिने विचारलं, "आजोबा, तुमचं घर कुठंय?" मी खिडकीबाहेर टेकडीकडे हात केला. "मग आपण इथं का बसलोय?" चिझुरु पटकन म्हणाली, "आजोबांच्या घरात दुसरी माणसं राहतात, बाळा. जेव तू." मी चहा प्यायलो. सहा वर्षांच्या पोरीशी डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत झाली नाही.

कलम ४. हे कलम चिझुरुसाठी आहे आणि यासाठीच मी मृत्युपत्र लिहायला बसलो.

चिझुरु, तुझं लग्न ठरलं आणि हिरोमुचे आईवडील रीतीप्रमाणे घरी भेटायला येणार होते. त्याच्या आठवडाभर आधी तू आलीस. दारातच उभी राहिलीस. समोर बघत राहिलीस. मला वाटलं ओरडशील. तू अगदी हळू म्हणालीस, "बाबा, मी त्यांना सांगते की घर भाड्याने दिलंय आणि तुम्ही एका मित्राकडे राहता. हॉटेलातच भेटू." आणि मी म्हणालो, "बरं." एवढंच. बापाने म्हणायचं होतं की थांब, मी आठवडाभरात घर रिकामं करतो. मी बरं म्हणालो आणि तू निघाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तेव्हापासून तू नवऱ्याशी खोटं बोलत आली आहेस, स्वतःसाठी नाही, माझं तोंड झाकायला. मी मेलो की तुम्ही दोघं कुलूप उघडणार आणि त्याच्यासमोर तू खोटी ठरणार. ही भीती मला रात्रंदिवस खाते.

म्हणून वसंतात मी गावच्या पत्रकात सूचना दिली: आपापला प्राणी घेऊन जावा. मोजकी माणसं आली. टोफूवाला शुनजी ओकिता आला. ते मानेला पीळ दिलेलं घुबड त्याचंच. मी दोन्ही हातांनी पुढे केलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. "सर, हे मी केलंय? मला वाटलं तुम्ही तेव्हाच फेकून दिलं असेल."

"तुला वाईट वाटलं असतं ना रे, फेकलं असतं तर?"

"छे हो. आई घरी आणूच देत नव्हती. म्हणायची, आणखी एक भूत नको घरात." मग माझा चेहरा बघून तो ओशाळला. "नेतो ना सर. दुकानात ठेवतो."

मी म्हटलं, राहू दे. त्याला टोफूची गाडी लावायची होती.

दुसऱ्या दिवशी मी तामानोबाईंकडे गेलो आणि पिशव्या मागितल्या. त्या चष्मा आणि हातमोजे घालून माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही सोडवतो आहोत. मी तार तोडतो, त्या वाटणी करतात.

"सर, हा गेंडा की डुक्कर?"

"गेंडा. नाकावर बघा की, बाटलीचं तोंड आहे."

"मग नाक काचेत जाईल. पाय दाबून धरा."

खरं सांगतो, पहिला प्राणी तोडताना वाटलं होतं की जीव जाईल. गेला नाही. दहाव्याला तर मी गुणगुणत होतो. इतकी वर्षं ज्याला मी माया म्हणत होतो त्यात आळस केवढा होता, हे पक्कड चालवताना कळलं. पोरांच्या नावाखाली मी घर अडवलं आणि माझ्या पोरीला दाराबाहेर ठेवलं. बैठकीची खोली आता रिकामी आहे. जिना अर्धा झाला आहे.

कलम ५. आता एक गोष्ट, जी लिहिताना मी दिलेला शब्द मोडतो आहे.

गेल्या शरदात बेल वाजली. मी दार बोटभर उघडलं. बाहेर हिरोमु. हातात संत्र्यांची पेटी. मी म्हणालो, "घरी कोणी नाही."

"मग हे कोण बोलतंय, बाबा?"

मी दार लावायला गेलो तर त्याने पेटी आडवी घातली. अंग चोरून आत आला आणि एका कासवाला धक्का न लावता उभा राहिला. मी मान खाली घालून होतो. सासऱ्याने जावयापुढे तसं उभं राहावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तो म्हणाला, "लग्नाआधीच येऊन गेलो होतो मी. तुमच्याशी एकटं बोलावं, भाडेकरूंकडून तुमच्या मित्राचा पत्ता घ्यावा म्हणून. दारावर मोरिवाकी ही पाटी. म्हटलं, भाडेकरू घरमालकाच्या नावाची पाटी कशाला ठेवेल? मग खिडकीत हत्ती दिसला. कळलं."

"आणि तरी लग्न केलंस?"

"घराशी करायचं नव्हतं ना." मग तो खाली बसला, पायरीवरच. "तिला सांगू नका मला माहीत आहे म्हणून. तुमची अब्रू राखायला ती एवढं करते. तिला फार लागेल."

मी शब्द दिला. नंतर आम्ही दोघांनी तिथेच बसून संत्री खाल्ली.

म्हणजे हॉटेलातल्या त्या टेबलावर तू माझ्यासाठी खोटं बोलतेस, तो तुझ्यासाठी खोटा भोळा होतो, आणि मी दोघांसमोर वाम-भात खातो. खरं बोलणारी एकटी नाओ, आणि तिला आम्ही जेव म्हणतो.

हिरोमु, तू मला तिला सांगू नका म्हणालास. मी ठरवलं होतं की मेल्यावर कळू दे, मृत्युपत्रात लिहून ठेवतो. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराने उत्तर लपवावं तशी ती चलाखी होती. तामानोबाईंना मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरीने अजून पंधरा वर्षं खोटं बोलायचं? तुमची तब्येत चांगली आहे, सर. लवकर मरणार नाही तुम्ही."

मग मी पुढचं कलम लिहायला घेतलं.

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, हे मला ठाऊक आहे. वरची कलमं तशीच लागू व्हावीत. हे एक कलम मात्र आजपासून लागू आहे. या मृत्युपत्राची नक्कल मी उद्या सकाळी चिझुरुला टपालाने पाठवतो आहे, दोघांनी मिळून वाचावी म्हणून. चिझुरु, पोरी, तुझ्या नवऱ्याला पहिल्यापासून माहीत आहे आणि तो तुला सोडून गेलेला नाही. तुला आता कोणापासून काही झाकायचं नाही. वरचा मजला अजून भरलेला आहे, जिन्यात घाण आहे, आणि मला तुम्हाला ते दाखवायची अतोनात लाज वाटते. तरी येत्या पितरांच्या सणाला मला हॉटेलात बोलावू नका. मी येणार नाही. मी घरी असेन.

लिहून देणार: तेत्सुओ मोरिवाकी (शिक्का)

साक्षीदार:
हिसाए तामानो, शेजारीण. मजकूर ऐकला, बरोबर आहे.
शुनजी ओकिता, टोफूचं दुकान, सरांचा विद्यार्थी.

स्थळ: कामीसावा, राहतं घर
दिनांक: रेइवा सहावे वर्ष (इ.स. २०२४), मे महिन्याची एकोणीस तारीख, रविवार