दोन्ही हात मोकळे

१० नोव्हेंबर, रविवार

फोन आज वरणात पडला! साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी साक्षीला सांगत होते की शेजारच्या लताबाईंच्या सुनेला मुलगी झाली. दोन्ही हात हवेत, कोपर लागलं, आणि गेला. तिकडे कोल्हापुरात तिला नुसतं पिवळं दिसलं. लगेच मेसेज – ‘आई काय झालं. पिवळं का.’

लोक म्हणतात, आता व्हिडिओ कॉल आहे, मजा आहे तुमची. कसली मजा! माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. फोन एका हातात धरला की उरला एक हात, म्हणजे अर्धं वाक्य. आणि लिहून बोलायचं तर तिचं लिहिणं तारेसारखं तुटक. दिवाळीची सुट्टी संपवून ती नोकरीवर परत गेली, तेव्हापासून पोटभर गप्पा नाहीत.

दीपक शेजारी ताट घेऊन बसला होता. (तोंडावर ‘अहो’, इथे दीपक. वहीला कोण विचारतं!) त्याचं नेहमीचं चालू – ‘काय म्हणते? तिला विचार, जेवण बरं मिळतं का. तिला सांग, स्वेटर घाल.’ बाप-लेक आजवर माझ्यामार्फतच बोलत आलेत. ती लहानपणापासून शाळेच्या वसतिगृहात, हा सातपूरला कंपनीत पाळ्यांवर. मी पालकसभांना जाऊन जाऊन खुणा शिकले, हा राहिला. ‘माझे हात लेथवरचे, ते वळत नाहीत,’ म्हणतो. मग नुसता तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. मला ते बघवत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

साक्षीचा मेसेज – ‘आई. कॉम्प्युटरला वेबकॅम लाव. स्वस्त घे. दोन हात मोकळे.’

अरेच्चा! तिच्या डिझाइनच्या कोर्ससाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे की! ती गेल्यापासून मी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आणला! नाशिक रोडच्या एका दुकानातून. दुकानदार महागातलाच पुढे करत होता – ‘मॅडम, याच्यात स्किन एकदम क्लिअर दिसेल.’ म्हटलं, माझी स्किन माझ्या मुलीला पाठ आहे, मला हात दिसायला हवेत. शेवटी नऊशेचा घेतला. दीपक दुकानात वायर ओढून, क्लिप उघडमीट करून बघत होता, जसं काही ट्रॅक्टर घेतोय.

घरी लावला. पडद्यावर ठार काळोख! वायर काढली, घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. दीपक तर परत करायला चप्पल घालून निघालासुद्धा. मी साक्षीला काळोखाचं कळवलं होतं, तेवढ्यात तिचा मेसेज – ‘आई. झाकण.’

भिंगावर एवढंसं सरकतं झाकण होतं. हे कुणाला सांगायचं नाही!

१७ नोव्हेंबर, रविवार

बोललो! बोललो! बोललो!

आधी माझं नुसतं नाक दिसत होतं. खुर्ची मागे घेतली तर पाठीमागे खिडकी, चेहरा काळा. मग दीपकने अख्खं टेबल फिरवलं आणि उजेड तोंडावर आला. हात भराभर हलवले की पडद्यावर नुसता लगदा होतो – नऊशेत एवढंच येणार. म्हणजे भांडायचं असेल तर सावकाश भांडावं लागतं! आम्ही भांडलोही. तिने केस कापलेत, मला न विचारता.

पण काय सांगू. ती ऑफिसातल्या बाईची नक्कल करत होती, दोन्ही हातांनी, खांद्यांनी, भुवयांनी, आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. इतकी बोलकी आहे माझी पोर! फोनवरची ती निम्मीच असायची.

दीपक मागे उभा. ‘काय झालं? काय म्हणाली?’ मी म्हटलं, अहो थांबा, आधी मला हसू द्या.

तो जरा वेळाने आत निघून गेला. मला नंतर वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

लताबाई बाळाचे पेढे घेऊन आल्या. कॅमेरा बघितला आणि पदर डोक्यावर! ‘बंद असला तरी बघतो का गं त्यो? मला लय भ्या वाटतं, शुभांगी.’ मी झाकण लावून दाखवलं. आता झाकणातली तज्ज्ञ मीच.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाजी घेऊन आले तर दीपक कॉम्प्युटरसमोर उभा. कॉल नाही, काही नाही. पडद्यावर तो स्वतःच, आणि हात चाललेत. पाणी. झोप. पाणी. झोप. मला बघून दचकला. मला आधी हसूच आलं.

मग म्हणाला, ‘हसू नको. तू शिकवायचीस तेव्हा मला तुझे हात दिसायचे. माझे काय करतायत ते मला कुठं कळायचं? इथं दिसतात. लेथवर कसं, सॅम्पल समोर असलं की जॉब बरोबर उतरतो.’

आरसा तर घरात आहेच की, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. आरशासमोर उभा राहायला तो लाजला असता.

मी पिशवी तिथेच ठेवली आणि शेजारी उभी राहिले. आम्ही दोघं त्या छोट्याशा चौकोनात. मी एक खूण करायची, त्याने करायची, मग दोघांनी आपापले हात बघायचे. भाजी निवडायची राहिली. जेवायला खिचडी.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दात घासताना एका हाताने ‘पाणी’, ‘झोप’ चाललंय. वेड लागलंय माणसाला!

१ डिसेंबर, रविवार

आज तो स्वतः बसला खुर्चीत. मला म्हणाला, तू मधे बोलू नको. साक्षीचे डोळे एवढाले झाले!

त्याला विचारायचं होतं, ऑफिसात काम फार असतं का? दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की काम. छातीवर चोळल्या की आंघोळ. दीपकने घाबरून मुठी छातीवर चोळल्या. म्हणजे – ऑफिसात आंघोळ फार असते का?

साक्षीने गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं – रोज एकदा, साहेब साबण देतात. आणि मग जी हसत सुटली! दीपकला आधी कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने मला हाताने थांबवलं आणि त्यालाच पुन्हा सावकाश करून दाखवलं. मग तोही हसायला लागला. कितीतरी वेळ दोघं तिकडे-इकडे मुठी चोळत हसत होते.

कॉल संपल्यावर तो खुर्चीतून उठेचना. ‘माझ्याशी बोलली,’ म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. आनंदाने, पण रडले.

८ डिसेंबर, रविवार

हरसूलला भावाच्या नव्या घराची वास्तुशांत. दीपकला कंपनीत ओव्हरटाइम होता, संध्याकाळी घरी आला. मी तिकडेच अडकले. रविवारचा कॉल त्याने एकट्याने करायचा! दिवसभर जीव टांगणीला. मी नसताना हे दोघं काय करणार? नुसते बघत बसणार?

घरी आले तर दीपक भात लावत होता आणि गालातल्या गालात हसत होता. ‘बोललात?’ ‘बोललो.’ ‘काय?’ ‘लय बोललो.’ पुढे एक अक्षर नाही! वर म्हणतो, दमली असशील, जेव आणि झोप. मी चिडले. सरळ सांगायला काय होतं माणसाला!

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा पुढे ठेवून दीपक म्हणाला, ‘साक्षी म्हणाली, आईला उद्या सांगा, प्रवासातून आल्या आल्या नको.’ ऑफिसातला मुलगा आहे. धनराज. त्यालाही ऐकू येत नाही. दोघांना लग्न करायचंय.

हे तिने त्याला सांगितलं. मला नाही – बापाला! आणि त्याला सगळं कळलं!