पंडित आणि भैरूची पहिली भेट

नाशिक,
कार्तिक वद्य प्रतिपदा

प्रिय तेजल,

अनेक आशीर्वाद. आषाढात तू फोनवर मला एक प्रश्न विचारला होतास. समर्थ यांच्या मळ्यावर भैरू नावाचा मोठा कुत्रा आहे. आपला पंडित आणि तो एका अंगणात नांदतील का, एवढेच तू विचारलेस. समर्थ यांनी तुला मागणी घातली आहे आणि माझ्या होकारावाचून तू पाऊल उचलणार नाहीस, हे मला ठाऊक होते. तरीही चातुर्मास लागतो आहे, या दिवसांत असले विषय नकोत, असे म्हणून मी फोन ठेवला आणि देवघरात जाऊन बसलो. माळ हातात होती. जप झाला नाही.

तुमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या कुंदनने पिल्लू घरी आणले, तेव्हा त्याचे नाव मुद्दाम पंडित ठेवले. ‘अप्पा, तुमच्याशी वाद न घालणारा एक तरी पंडित घरात हवा,’ असे तो म्हणाला आणि तुम्ही दोघे किती हसलात! मी आठ दिवस अबोला धरला होता. कुंदनला जाऊन आता दोन वर्षे झाली. तू नोकरीसाठी देवळ्याच्या शाळेत गेलीस आणि घरात मी आणि पंडित उरलो. ज्याचा स्पर्श होऊ नये म्हणून मी धोतराचा सोगा आवरून घेत असे, त्याचीच दोरी धरून मी रोज सकाळी गोदापार्कवर जातो. वाटेवर फुले विकणाऱ्या धोंडाबाई विचारतात, ‘बाबा, तुम्ही त्याला फिरवता का तो तुम्हाला?’ या प्रश्नाला माझ्या कोणत्याही पोथीत उत्तर नाही.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. श्रावणात फोनच्या पडद्यावर तुला माझ्या तळहाताची जी पट्टी दिसली, ती समईने भाजल्यामुळे नव्हती. शेजारच्या इमारतीत रोशनी नावाची मुलगी राहायला आली आहे. तिच्याकडे एक दांडगा काळा कुत्रा आहे. तिची आणि आमची वाटेत प्रथम गाठ पडली, तेव्हा मला वाटले, दोन अनोळखी जीवांची ओळख रीतीने व्हावी. शास्त्रचर्चेत दोन विद्वान समोरासमोर बसतात, तसे मी दोरी आखूड करून पंडितला त्याच्या पुढ्यात नेऊन उभे केले. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत पाहत निश्चल उभे राहिले. हा परस्परांविषयीचा आदर आहे, असे मी समजलो. पुढच्या क्षणी ते एकमेकांवर तुटून पडले. मी ओरडलो, काठी उगारली, दोरी ओढली. त्याने भांडण अधिकच पेटले. पंडितच्या कानाला तीन टाके पडले आणि दोरीने माझा हात सोलवटला. सत्यावर चाळीस वर्षे प्रवचने करणाऱ्या माणसाने त्या संध्याकाळी तुला समईचे खोटे कारण सांगितले.

रोशनी चौकशीला आली. ‘आजोबा, रागवू नका, पण पंडितची काही चूक नव्हती. तुम्ही दोरी इतकी आवळलीत, की त्याला वाटलं समोर संकटच उभं आहे,’ असे ती म्हणाली. नातीच्या वयाच्या मुलीने मला धडा द्यावा, याचा मला राग आला. तिसऱ्या दिवशी मीच तिचे दार वाजवले.

तिने जे शिकवले, ते आता नीट लक्षात घे. अनोळखी कुत्री समोरासमोर आणू नयेत. रोखून पाहणे हे त्यांच्यात आव्हान असते. प्रथम दोघांना रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने चालवावे. दोरी सैल असावी. अंग ताठ झाले, शेपटी उंच स्थिर झाली, तर न ओरडता वळून दूर जावे. दोघे निवांत दिसू लागले, की हळूहळू अंतर कमी करावे, बाजूने क्षणभर हुंगू द्यावे आणि लगेच पुढे चालू लागावे. खाऊ मध्ये आणू नये. आणि पहिली भेट कोणाच्याही दारात होऊ नये, कारण दार राखणे हा त्यांचा धर्म आहे.

आम्ही हे रोज केले. आश्विनात एके सकाळी समोरून एक अपरिचित कुत्रा आला. पंडितने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो शांतपणे कडेने निघून गेला. मला धन्य वाटले. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी मोटारसायकलचा आवाज आला, की तो फाटकाकडे धावत जाई. आताशा नुसता कान हलवतो. याचा मला फार राग आला होता, तेजल. हा कुंदनला विसरला, असे वाटून एक दिवस मी त्याला हाकसुद्धा मारली नाही. तो तसाच माझ्या पायाशी येऊन बसला. मग लक्षात आले, की राग त्याच्यावर नव्हताच. आषाढापासून तो तुझ्यावर होता, आणि तुझा काही अपराध नव्हता.

परवा अंगणात तुळशीचे लग्न लावले. आता माझ्याजवळ कोणतीही सबब उरलेली नाही. श्रावणापासून मी पंडितला अनोळखी कुत्र्यांना भेटवत होतो, ते भैरूसाठी. येत्या रविवारी गाडी करून मी पंडितला घेऊन देवळ्याला येतो. समर्थ यांना सांग, भैरूला मळ्याच्या दारात न ठेवता कालव्याच्या रस्त्यावर आणावे. तिथे आपण सगळे मिळून चालू. पंडित रुळेपर्यंत मी दोन दिवस राहीन. परत मात्र एकटा येईन. मार्गशीर्षातला एक चांगला मुहूर्त मी पंचांगात पाहून ठेवला आहे. तुम्हा दोघांना पसंत पडला, तर तोच धरू. मंगलाष्टके म्हणायला दुसरा कोणी गुरुजी सांगू नकोस, मी म्हणेन. मध्ये आवाज अडखळला, तर सगळ्यांना थोडे थांबायला सांग.

तुझाच,
अप्पा