वाळुंजीचे बंध, लोखंडी बंध

मी गुनवोर, कै. स्वाइनुंग लीडस्कार यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार लीडस्कार, टेलेमार्क, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो म्हणून अंमलदारसाहेब लिहीत आहेत. शब्द माझे आहेत. आजवर मृत्युपत्र केले नाही, कारण सगळे आपोआप मुलगा आस्लाक याचेच होणार होते.

१. ओढ्याकाठची वाळुंज सून इंगेरिद हिला द्यावी. तिच्या ओल्या फांद्या पिळून मी स्कीला टाचेचे बंध विणत असे. माणूस वाईट पडला की ते तुटत, पाय वाचे. आस्लाकने राजधानीतला स्कीवरच्या उडीचा चषक याच बंधांवर जिंकला. चषक चर्चने न्यावा. तो पाहून मला काही होत नाही.

२. आस्लाकची शेवटची स्की भिंतीला टांगली आहे. तिचे लोखंडी बंध राजधानीतल्या एका दुकानदाराने फुकट दिले होते. मी म्हटले, "हे सुटणार कसे?"

"सुटू नयेत म्हणूनच आहेत, आई. वेताच्या टोपलीत पाय घालून आलास का, असं विचारतात मला तिकडे."

"विचारू देत."

"तुझं काय जातंय! उडी मला मारायचीय."

त्याच आठवड्यात, रविवारी, उडी मारताना तो पडला. लोखंड सुटले नाही. पाय गुडघ्याखाली फिरला. जखम चिघळली आणि तो गेला. दुकानदार मातीला आला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, बंध मात्र जागचा हलला नाही, बघितलंत?" मग ती स्की दुकानात मांडायला मागितली. मी नाही म्हटले. रडले नाही, तेव्हाही आणि नंतरही.

ती स्की त्या दुकानदाराला वा त्याच्या वारसांना कोणत्याही किमतीस देऊ नये. लोखंड काढून गोठ्याच्या दाराला वापरावे. लाकूड जाळावे.

३. पतींचे रंधे, पटाश्या, माळ्यावर वाळत असलेल्या फळ्या आणि हे घर इंगेरिदचा दुसरा नवरा ग्रेगार याला द्यावे. आस्लाकला टेकडीवरून खाली त्यानेच पाठीवर आणले. त्याची स्वतःची उडी व्हायची होती; ती त्याने मारली नाही, त्यानंतर कधीच मारली नाही. पुढे त्याने इंगेरिदशी लग्न केले आणि मी त्याच्याशी बोलणे सोडले. हे कलम रागाने किंवा मायेने लिहिलेले नाही. तो स्की नीट तासतो.

४. मला आस्लाकशेजारी पुरावे. भाषण नको.

साक्षीसाठी इंगेरिदने ग्रेगारलाच आणले होते. अंमलदारसाहेब म्हणाले, "तुझी सही चालायची नाही. ज्याला मिळतं, त्याला साक्ष देता येत नाही."

"मला? मला काय मिळतंय?"

साहेबांनी तिसरे कलम वाचून दाखवले. तो दाराशीच उभा राहिला. या घरात तो नेहमी तिथेच उभा राहतो, कारण त्याला कोणी बस म्हटलेले नाही.

मी म्हटले, "बस."

तो बसला. हेही लिहून घ्यावे असे मी साहेबांना सांगितले.

लिहून ठेवणार : गुनवोर लीडस्कार (अंगठा)
साक्षीदार : १. हाल्गेइर ब्रेक्के, गिरणीवाला २. थोने ब्रेक्के, त्याची बहीण
लीडस्कार, ता. ९ मार्च १९१२