आईचं भरीत

१२ जानेवारी, सोमवार

आज आईला शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे बघून ते म्हणाले, गुडघा चांगला आहे. मग तिला पालथं झोपवून पाय मागून वर उचलला, तर कमरेपासून गुडघ्यापर्यंत कळ गेली. नस कमरेत दबली आहे, दुखतं मात्र गुडघ्यात.

आई पहिल्यापासून हेच सांगत होती. "कळ कंबरथून उतरस रे भाऊ." पण मी कुठेतरी ऐकलं, वांगं वातूळ, आणि तिचं भरीत बंद केलं. परवा मळ्यातल्या भरीत पार्टीत तर सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या पुढचं ताट ओढून घेतलं. वर म्हणालो, "जिभेवर ताबा नाही, मग गुडघा दुखणारच." का म्हणालो असं? तिने हातातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर नुसतीच खाल्ली, कोरडी.

डॉक्टरांना वांग्याचं विचारलं, तर ते हसले. "खाऊ द्या की त्यांना."

येताना वांगी घेतली. माफी मागायची होती, पण एसटीत तोंडच उघडलं नाही. संध्याकाळी भरीत मीच वाढलं. पहिला घास तोंडाशी नेताना तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.