एकवीस सेकंदं

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा काल घरी आले. जखम बरी आहे, भूकही लागते. आवाज गेला तो गेलाच, पण ते आधीच ठरलेलं होतं. म्हणून तर त्यांनी घशाच्या ऑपरेशनआधी दोन महिने बसून चारशे साठ वाक्यं रेकॉर्ड केली. बटण दाबलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं.

आज यंत्राचा तंत्रज्ञ ती वाक्यं न्यायला आला, तर कॉम्प्युटरवर ‘बाबा’ नावाचा फोल्डरच नाही. नवीन काही टाकलं होतं का, असं त्याने विचारलं. गेल्या महिन्यात, अगदी ऑपरेशनच्या तोंडावर, माझा भाऊ येऊन त्याच्या कंपनीचा एक अर्धवट खेळ खेळून गेला, एवढंच मी सांगितलं.

दुसरी प्रत नाही. पाचशे वाक्यं पुरी झाल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही, हा बाबांचा हट्ट. तीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर गाड्या पुकारल्या, अर्धी यादी कधी वाचली नाही म्हणे. आणि मीही शहाणी, ऐकलं.

खेळातल्या चुका शोधायचा तू पगार घेतोस. ही सापडली तर कळव. डिस्क काढून पाठवते आहे. तू वेळेवर जेवतोस का, असं आई विचारते.

लोभ आहेच, सध्या जरा बाजूला ठेवला आहे.

ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

डिस्क दोन ठिकाणी दाखवली. काही निघालं नाही.

चूक सापडली. खेळ चाचणीचा होता, मी तो घाईत ‘बाबा’मध्येच टाकला आणि निघताना काढला. तो निघताना स्वतःपुरता निघत नाही, ज्या फोल्डरमध्ये बसला तो अख्खा पुसून जातो. भाडेकरूने जाताना घरच पाडावं तसं. ही तक्रार आमच्याकडे आधीच आली होती. तिच्यावर ‘किरकोळ’ असा शेरा मीच मारला होता.

एक गोष्ट मात्र उरली आहे. हा खेळ मध्येच बंद पडला की शेवटच्या काही सेकंदांचं रेकॉर्डिंग आपोआप आमच्या ऑफिसला येतं, खोलीतल्या आवाजासकट. तुमच्याकडे तो चारदा बंद पडला. तीन वेळा नुसता पंखा ऐकू येतो. चौथ्यात बाबा आहेत, एकवीस सेकंदं. ऑफिसची परवानगी घेऊन सोबत पाठवतो. त्यांना द्यायचं की नाही ते तू ठरव, कारण त्यात ते माझ्यावर ओरडतायत.

बाबांना कुठल्या तोंडाने लिहू, ते कळत नाही. तू रागाव, पण लिहीत राहा.

तुझा,
धाकटा


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने मला वाचायला दिलं. तुला लिहायला कागद घेतला आणि तीनदा फाडला. फार राग आला होता. गेला असं लिहिलं तर खोटं होईल. प्रत करू दिली नाही, तो गाढवपणा माझा. त्याचा राग कुणावर काढू?

यंत्रात सध्या कुणा परक्याचा आवाज आहे. माणूस फार सभ्य दिसतो, तुझ्या आईला अहो-जाहो करतो. ती त्याला उत्तरच देत नाही. मला म्हणते, त्यापेक्षा पाटीवर लिहून दाखवा.

तुझी एकवीस सेकंदं ताईने एका बटणावर बसवून दिली. ताट वाढून अर्धा तास झाला, येतोस की त्या कॉम्प्युटरलाच भरवू, असं मी त्यात तुला विचारतोय. काल दुपारी दाबून पाहिलं. आई आत भांडी आवरत होती. तिने तिथूनच नेहमीसारखं सुनावलं, की पोरगं चार दिवसांसाठी आलंय, उगाच ओरडू नका.

मग भांडी वाजायची थांबली. ती हात न पुसताच बाहेर आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, की पुन्हा ओरडा.

लोभ होता तसाच आहे, राग ओसरला की दिसेल.

बाबा